नगरमध्ये समुद्र : जुन्या टाकीतले खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय

नगरहून मुंबईचा समुद्र गाठायचा तर माळशेज घाट उतरून सुमारे अडीचशे किलोमीटर जावे लागते. म्हणून आपल्याकडच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी समुद्रातले रंगीत मासे पहिल्यांदा पाहिले ते शाळेच्या सहलीत, मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या काचेतून. सहलीहून परतल्यावर वर्गातला एखादा तरी विचारायचाच, “सर, असे आपल्या शाळेत करता येईल का?”

करता येईल. जुनी टाकी घेऊन, बेताच्या खर्चातही करता येईल. मात्र त्यात प्रवाळ ठेवता येणार नाही. हे आधीच सांगतो, कारण जुनी टाकी विकणारा नेमका याच बाबतीत तुम्हाला अडचणीत टाकू शकतो. मी पहिली टाकी घेतली तेव्हा तिच्या मालकाने वाळलेल्या प्रवाळांची एक गोणी ‘वर फुकट’ देऊ केली होती. मोह झाला होता! पण वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली भित्ती बांधणारी सर्व प्रवाळे, काळी प्रवाळे आणि समुद्रपंखे घालण्यात आले. त्याच अनुसूचीत वाघ आहे. वाघाचे कातडे घरात टांगता येत नाही, तसेच प्रवाळाचा सांगाडाही टाकीत मांडता येत नाही. मग तो जिवंत असो की मेलेला.

हा कडकपणा उगाच नाही. लक्षद्वीपची प्रवाळे १९९८, २०१० आणि २०१६ साली समुद्र तापल्यामुळे पांढरी पडली आणि पुष्कळशी मेली. महाराष्ट्रातही प्रवाळ आहे : मालवणला आहे, विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर आंग्रिया बँकेत आहे, आणि चक्क मुंबईच्या वरळी व हाजी अलीच्या खडकांवरही आहे. २०२० मध्ये सागरी किनारा मार्गाच्या कामात येणाऱ्या प्रवाळांच्या अठरा वसाहती परवानगी काढून दुसरीकडे हलवाव्या लागल्या. तेव्हा आपल्या टाकीत खडक असेल, मासे असतील, पण प्रवाळ नाही. यात एक फायदाही आहे. प्रवाळाच्या शरीरात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांना प्रखर प्रकाश लागतो. ते दिवे महाग असतात आणि विजेचे बिलही वाढवतात. तो सगळा खर्च आपोआप वाचला.

टाकी पाहताना

लोखंडी चौकटीत पुट्टीने बसवलेली जुनी टाकी घेऊ नका; खारे पाणी लोखंड खाऊन टाकते. सिलिकोनने जोडलेली काचेची टाकी घ्या. ९० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि ४० उंच अशी टाकी शाळेला पुरेशी आहे. ३६ सेंटिमीटर उंचीपर्यंत भरली तर तिच्यात १२९.६, म्हणजे जवळजवळ १३० लिटर पाणी मावते. त्याचे वजन काच आणि दगड धरून दीडशे किलोच्या वर जाते. म्हणून प्रयोगशाळेतला डगमगता बाक उपयोगाचा नाही. भिंतीलगतचा पक्का ओटा पाहा. टाकी अंगणात सपाट जागी साध्या पाण्याने भरून दोन दिवस ठेवा. कोपरा पाझरला तर तो अंगणातच पाझरू दे.

आता माझी चूक ऐका. टाकीबरोबर मिळालेली जुनी वाळू मी नुसती धुऊन वापरली. मासे ठीक होते. पण त्यांच्याबरोबर सोडलेल्या चार कोळंब्या तिसऱ्या दिवशी मेलेल्या आढळल्या. पुढे कळले की आधीच्या मालकाने माशांच्या अंगावरचे परजीवी मारायला टाकीत तांब्याचे औषध घातले होते. तांबे म्हणजे आपल्या ओळखीचे मोरचूद. डाळिंबाच्या आणि द्राक्षाच्या बागांत बोर्डो मिश्रणासाठी वापरतात तेच. शिंपल्यांच्या चुनखडीयुक्त वाळूत तांबे अडकून बसते आणि नंतर हळूहळू सुटत राहते. माशाला सोसेल एवढे तांबेही कोळंबी-खेकड्यांना मारक ठरते. म्हणून जुनी टाकी घ्या, जुना हवेचा पंप घ्या, पण जुनी वाळू आणि जुने दगड फुकट मिळाले तरी घेऊ नका.

खडकासाठी कुंभाराकडची न झिलई दिलेली खापरे किंवा फुटलेली मंगलोरी कौले उत्तम. ती सच्छिद्र असतात, आणि त्या छिद्रांचे काम पुढे येईलच. शेताच्या बांधावरचे दगड मात्र नकोत. तिथे फवारणीचे काय काय पडलेले असेल सांगता येत नाही.

मीठ घातले की समुद्र झाला?

तुम्ही म्हणाल, पाण्यात कोकणातल्या मिठागराचे मीठ घालू की झाले! नाही. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत क्लोराइड १९.३ ग्रॅम, सोडियम १०.८, सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३, आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी ०.४ ग्रॅम. ‘चॅलेंजर’ या जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले. १८८४ मध्ये त्याने दाखवून दिले की खारटपणा कमीजास्त असला तरी या घटकांचे परस्परप्रमाण जवळजवळ सारखेच असते. मासे या प्रमाणात वाढलेले आहेत. मिठागरात पाणी आटते तेव्हा कॅल्शियमचे क्षार आधी खाली बसतात, मग मीठ बसते, आणि मॅग्नेशियम-पोटॅशियम उरलेल्या कडू पाण्यात निघून जाते. म्हणजे मिठागराचे मीठ हा समुद्राचा एकच तुकडा झाला. मत्स्यालयासाठी तयार सागरी क्षारमिश्रणच विकत घ्यावे लागते. इथे काटकसर करू नका. १३० लिटरसाठी साधारण साडेचार किलो पुरते.

ते कोणत्या पाण्यात घालायचे? बोअरच्या पाण्यात नको. आपल्याकडे काळ्या खडकातून येणारे पाणी जड असते, आणि बागायती भागातल्या विहिरींत खतांचे नायट्रेटही उतरते. सर्वांत स्वस्त पाणी आकाशातून येते. नगर पर्जन्यछायेत आहे खरे. पण दहा चौरस मीटर छतावर वीस मिलिमीटर पाऊस पडला तरी दोनशे लिटर पाणी होते! पहिल्या एकदोन सरींचे पाणी सोडून द्या. जस्ताच्या पत्र्यावरचे पाणी मात्र घेऊ नका. जस्तही तांब्यासारखेच विषारी. मिश्रण विरघळल्यावर एक लिटर पाणी अचूक मोजून तोलून पाहा. वर्गातल्या तापमानाला ते सुमारे १०२३ ग्रॅम भरले पाहिजे.

उन्हाळा आणि माठ

एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो आणि टाकीतले पाणी भराभर आटते. समजा १३० लिटरमधले १३ लिटर गेले. वाफ झाली ती फक्त पाण्याची; क्षार मागेच राहिले. आता लिटरमागे ३५ ग्रॅमऐवजी जवळजवळ ३९ ग्रॅम झाले. अशा वेळी बरेच जण तयार खारे पाणी ओततात आणि खारटपणा आणखी वाढवतात. आटलेल्या पाण्याची भरपाई नेहमी गोड्या पाण्याने करायची. काचेवर बाहेरून एक रेघ मारून ठेवा आणि रोज रेघेपर्यंत पावसाचे पाणी घाला.

पण याच बाष्पीभवनाचा फायदाही घेता येतो. तीस अंशांना एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. एक लिटर पाणी उडून गेले तर ५,८०,००० कॅलरी गेल्या. टाकीत १,३०,००० ग्रॅम पाणी आहे. भागाकार करा : जवळजवळ साडेचार अंश! भोवतालच्या हवेतून थोडी उष्णता परत येते, म्हणून प्रत्यक्ष घट कमी असते. तरीही पाण्याच्या पृष्ठभागावर एक छोटा पंखा सोडला की दोनतीन अंशांचा फरक पडतो. माठ गार होतो तो याच तत्त्वावर. आणि गंमत म्हणजे नगरच्या कोरड्या उन्हाळ्यात ही युक्ती मुंबईच्या दमट हवेपेक्षा अधिक चांगली चालते. समुद्रापासून दूर असण्याचा एवढा तरी लाभ!

गरम खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, लिटरमागे जेमतेम सहा मिलिग्रॅम. म्हणून वीज गेली की धोका. बॅटरीवर चालणारा एक हवेचा पंप हाताशी ठेवाच. आणि विजेची वायर थेट सॉकेटकडे न नेता आधी खाली झोळ देऊन मग वर न्या. म्हणजे वायरीवरून ओघळलेले खारे पाणी झोळाशीच टपकेल. जोडणी मोठ्या माणसानेच करावी.

सहा आठवडे रिकामी टाकी

पाणी तयार झाले, खापरे मांडली, आता मासे? थांबा. माशांच्या उत्सर्जनातून अमोनिया निघतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो, आणि तेथे अमोनियाचा विषारी अंश सातच्या पीएचपेक्षा दहापटीहून अधिक असतो. त्याचा बंदोबस्त जीवाणू करतात : काही अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट. विनोग्राड्स्कीने १८९० च्या सुमारास हे जीवाणू वेगळे काढले. नायट्राइटचे काम नायट्रोबॅक्टर करतो असे पुस्तकांत असते. मत्स्यालयात ते मुख्यतः नायट्रोस्पायरा करतो, हे १९९८ मध्ये दिसून आले. आतड्यातले काही जीवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. यांना जवळजवळ एक दिवस लागतो. म्हणून घाई चालत नाही. कोळंबीचा नखाएवढा तुकडा फडक्यात बांधून पाण्यात सोडा, पंप चालू ठेवा, आणि दर दोन दिवसांनी चाचणीसंचाने अमोनिया व नायट्राइट मोजून वहीत आलेख काढा. एक डोंगर चढेल-उतरेल, मग दुसरा. दोन्ही शून्यावर यायला चार ते सहा आठवडे लागतात. वर्गाला यात मासे येण्याइतकीच मजा येते, असा माझा अनुभव आहे. जीवाणू राहतात ते मुख्यतः त्या खापरांच्या छिद्रांत.

मासे दोनच घ्या, तेही क्लाउनफिश, आणि केंद्रात वाढवलेले. समुद्रातून पकडलेले नव्हेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचे तंत्र आपल्याकडे बसवले आणि ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही कांदळवन प्रतिष्ठानने अशी पैदास केली आहे. विकणाऱ्याला मासे कोठले, हे विचारायला लाजू नका. या माशांना समुद्रफूल नसले तरी चालते. सगळे पिल्लू नरच जन्मते; जोडीतला मोठा पुढे मादी होतो. कोणता, ते तुम्हीच ओळखा.

दर पंधरवड्याला १३ लिटर पाणी काढून तेवढेच ताजे खारे पाणी घाला. काढलेले पाणी शाळेच्या बागेत ओतू नका. त्यात जवळजवळ ४५० ग्रॅम क्षार असतात, आणि जमीन खारावली की काय होते, हे कालव्याखालच्या गावांतल्या शेतकऱ्यांना विचारा. ते पाणी मोरीतच सोडा.