चपळ गार्डला थांबवायचं कसं? तिच्यापासून लांब उभं राहून!

आज बोलूया अमेरिकेतल्या महिला कॉलेज बास्केटबॉलबद्दल, आणि त्यातल्या एका चपळ पॉइंट गार्डबद्दल. तिचं नाव रेव्हन जॉन्सन, तिची कॉलेजची टीम होती साउथ कॅरोलायना.

मी शाळेत खेळायचो तेव्हा मला वाटायचं, गार्ड म्हणजे जो जास्त जोरात पळतो तो. रेव्हनची गोष्ट कळली आणि हा समज पार पुसला गेला.

३१ मार्च २०२३, डॅलस, उपांत्य सामना. साउथ कॅरोलायनाने त्या हंगामात ओळीने ३६ सामने जिंकलेले. समोर आयोवा आणि त्यांची स्टार केटलिन क्लार्क. रेव्हनकडे बॉल आला, ती थ्री-पॉइंट रेषेबाहेर मोकळी उभी. क्लार्क पुढे आलीच नाही. उलट लांबूनच हात झटकला. म्हणजे काय, तर ‘मार की, तुला कोण अडवतंय!’

आता यामागचं गणित बघा. बचाव करणारी खेळाडू अंगाशी आली, तरच चपळ गार्ड एका पावलात तिला मागे टाकते. ती दोन-तीन मीटर मागेच थांबली, तर ओलांडणार कुणाला? शिवाय बास्केटखाली गर्दी होते, आत घुसायची वाट बंद. थ्री-पॉइंट रेषा ६.७५ मीटरवर असते. तिथून तुमचा नेम लागत नाही असं समोरच्याला वाटलं, की तुमचा वेग वाया गेला.

आयोवाने तो सामना ७७-७३ असा जिंकला. क्लार्कचे ४१ गुण. हात झटकल्याची ती क्लिप सगळीकडे फिरली. रेव्हनने ती पुन्हा पुन्हा पाहिली. बास्केटबॉल सोडावंसं वाटलं होतं, हे तिने नंतर उघडपणे सांगितलं. आणि ही मुलगी आधीच गुडघ्याच्या दुखापतीतून सावरून आली होती बरं का! कॉलेजचा पहिला हंगाम सुरू होतो न होतो तोच संपला होता.

तिने खेळ सोडला नाही. नेमबाजीवर मेहनत घेतली. प्रशिक्षक डॉन स्टेली स्वतः पॉइंट गार्ड, खेळाडू म्हणून ऑलिंपिकची तीन सुवर्णपदकं जिंकलेल्या. पुढच्या हंगामात रेव्हनचा नेम सुधारला, त्यामुळे तिला मोकळं सोडणं आधीइतकं सोपं राहिलं नाही.

७ एप्रिल २०२४, क्लीव्हलँड, अंतिम सामना. पुन्हा आयोवा. क्लार्कने पहिल्या क्वार्टरमध्येच १८ गुण ठोकले. मग उरलेल्या तीन क्वार्टरमध्ये मिळून किती? फक्त १२. हे एकटीचं काम नव्हतं, पण क्लार्कला चिकटून राहण्यात रेव्हन पुढे होती. मध्यंतराच्या तोंडावर तर तिने मैदानाच्या मध्यावर क्लार्कच्या हातातून बॉल काढला आणि सरळ जाऊन लेअप केला! साउथ कॅरोलायना ८७-७५ ने जिंकली, अख्ख्या हंगामात ३८-०.

गंमत बघा, त्या अंतिम सामन्यात रेव्हनचे स्वतःचे गुण फार नव्हते. तिचा वेग बचावात कामी आला. समोरचीच्या आधी पाऊल टाकणं, बॉल खाली आला त्याच क्षणी हात घालणं, हाही वेगच की.

तेव्हा तुमच्या गल्लीतली, शाळेतली एखादी मुलगी वाऱ्यासारखी पळत असेल, तर तिला नुसतं ‘पळ’ म्हणू नका. तिच्याकडून रोज लांबून शॉट मारून घ्या, आणि बचावात पाय हलवायला शिकवा. पळणं तिच्याकडे आहेच.

भेटूया पुढच्या भागात!