घाटाखालचं बंदर

इगतपुरीच्या डोंगरधारेवर पावसाचे दोन थेंब अगदी शेजारी पडले, तरी त्यांच्या वाटा किती वेगळ्या! पूर्वेकडचा थेंब दारणेतून गोदावरीत जातो आणि बंगालचा उपसागर गाठतो. पश्चिमेकडचा थळ घाटाखाली भातसेत उतरतो, तिथून काळू, मग उल्हास, मग कल्याणची खाडी. (मधल्या भातसा धरणात अडकला, तर मुंबईकराच्या नळात.)

या दुसऱ्या थेंबाच्या वाटेवरचं कल्याण दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक खलाशांनाही ठाऊक होतं. बंदर म्हणून! आता सांगा, समुद्रापासून 40-एक किलोमीटर आत बंदर कशासाठी?

किमया भरतीची. दिवसातून दोनदा समुद्र वसईच्या खाडीतून आत घुसतो आणि नदीचं पाणी उलटं वर ढकलतो. भरतीवर गलबत सोडलं की समुद्रच फुकटचा हमाल. ओहोटीला तोच परत नेणार. आणि खारं पाणी जिथवर पोचतं, तिथेच थळ, माळशेज, नाणे, बोर या घाटांच्या वाटा उतरून एकत्र येतात. पाठीवर गोण्या लादलेले बैल इथवर आणि गलबतंही इथवर. बाजार दुसरीकडे भरलाच कसा असता?

कल्याणकरांच्या हाती पैसाही खुळखुळत होता. कान्हेरीच्या लेण्यांत चक्क कल्याणच्या एका लोहाराने पायवाट करून दिल्याचा शिलालेख आहे. लोहार दानशूर होतो, तेव्हा त्या गावचा व्यापार काय असेल!

पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात तर व्यापारबंदीची हकिकत आहे. आधी कल्याणला रीतसर व्यापार चाले. पुढे सत्ता पालटली आणि चुकून इथे आलेली ग्रीक गलबतं पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. म्हणजे बंदरांची चढाओढ आजची नाही. तरी कल्याण तगलं. सहाव्या शतकात कॉस्मस हा व्यापारी इथलं पितळ, लाकूड आणि कापड यांची नोंद करतो, शिवाय इराणहून नेमलेल्या ख्रिस्ती बिशपचीही! 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण घेतलं आणि याच खाडीकाठी आरमाराची जहाजं बांधायला काढली.

रेल्वे 1854 मध्ये कल्याणला पोचली. तिथून तिला दोन फाटे फुटले, एक बोर घाटाकडे, दुसरा थळ घाटाकडे. बैलांनी तुडवलेल्या त्याच दिशा! दुसरा फाटा 1865 मध्ये इगतपुरीला पोचला. चढ एवढा उभा, 37 फुटांना एक फूट, की कसाऱ्याला अजूनही बहुतेक गाड्यांना जादा 'बँकर' इंजिनं जोडावी लागतात. इगतपुरीला ती सुटतात.

कल्याणला गेलात तर स्टेशनावरूनच परतू नका. भरतीची वेळ बघून दुर्गाडीच्या पुलावर जा आणि खाडीचं पाणी कुठल्या दिशेला चाललंय, ते स्वतः पाहा.