ताणाची सत्ता कुठपर्यंत?

2004 मध्ये ग्राफीन ग्रॅफाइटपासून वेगळे काढले गेले, तेव्हा एक आशा मूळ धरू लागली: एका अणूइतका जाड पापुद्रा ओढावा आणि हवे ते विद्युतगुण मिळवावेत. 2008 मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या मोजणीने तिला बळ दिले, कारण ग्राफीन तुटण्याआधी सुमारे 25 टक्के ताणले जाते. त्याच वर्षी एक टक्का ताणाने बँड गॅप (इलेक्ट्रॉनांना निषिद्ध असलेला ऊर्जापट्टा) उघडल्याचा दावाही झाला. 2009 मध्ये परेरा, कास्त्रो नेटो आणि पेरेस यांच्या गणिताने तो टिकू दिला नाही: 20 टक्क्यांहून अधिक ताण हवा, आणि तोही ठरावीक दिशेने. कारण ग्राफीनच्या षट्कोनी जाळीतले दोन्ही प्रकारचे कार्बन अणू समतुल्य असल्याने गॅप बंद राहते, आणि एकसारख्या ताणाने ती समतुल्यता ढळत नाही. ताण जागोजागी बदलता असेल, तर मात्र इलेक्ट्रॉनांना तो चुंबकीय क्षेत्रासारखा जाणवतो; 2010 मध्ये प्लॅटिनमवरच्या ग्राफीनच्या सूक्ष्म फुगवट्यांत हे आभासी क्षेत्र 300 टेस्लांहून अधिक भरले. म्हणजे ताण किती, यापेक्षा तो कोणती सममिती मोडतो, हे निर्णायक.

पुढच्या पदार्थांनी यात भर घातली. एकपदरी मॉलिब्डेनम डायसल्फाइडमध्ये मुळातच गॅप असते; 2013 च्या प्रयोगात ती दर टक्क्यामागे सुमारे 45 मिलिइलेक्ट्रॉन-व्होल्टने घटली. याच पदार्थाच्या धातुरूप 1टी रचनेबद्दल बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातले शर्मिला शिरोडकर आणि उमेश वाघमारे यांनी 2014 मध्ये भाकीत केले, की ती अस्थिर असल्याने मॉलिब्डेनमचे अणू तिघातिघांनी जवळ येतात, थर अर्धवाहक होतो आणि त्यात फेरोइलेक्ट्रिक, म्हणजे उलटवता येणारे विद्युत ध्रुवीकरण उपजते. तिथे बाहेरून ओढावेही लागत नाही. चुंबकत्वाचा दाखला 2022 चा: क्रोमियम सल्फर ब्रोमाइडच्या शेजारच्या थरांची चुंबकने विरुद्ध दिशांना असतात, पण त्यांना बांधणारी आंतरक्रिया इतकी क्षीण, की एक-दीड टक्का ताणाने ही चुंबकने सगळी एका दिशेला वळली आणि ताण काढताच पूर्ववत झाली. जो पदार्थ आधीच संक्रमणाच्या उंबरठ्यावर आहे, त्यालाच थोडा ताण पुरतो.

यातले पुष्कळसे आधी संगणकावर मांडलेले, आणि त्या गणनांचा पाया असलेला घनता-फलन सिद्धान्त बँड गॅप कमी दाखवतो, हा आक्षेप रास्त आहे. मात्र ही चूक गॅपच्या आकड्यात असते. सममितीचे निष्कर्ष त्या आकड्यावर उभे नसतात. दुसरा आक्षेप व्यवहाराचा. ताणलेले सिलिकॉन 2003 मध्येच इंटेलच्या 90 नॅनोमीटर चिपमध्ये आले, ताणलेले द्विमितीय (मोजक्या अणूंच्या जाडीचे) पदार्थ मात्र अजून प्रयोगशाळेतच आहेत. तेही खरे, पण सिलिकॉनमध्ये ताण इलेक्ट्रॉनांचा वेग वाढवतो, इथे तो पदार्थाची अवस्थाच पालटतो. म्हणून यापुढे अधिक जोराने ओढण्याची साधने शोधण्यापेक्षा उंबरठ्यावरचे पदार्थ गणिताने हेरणे अधिक फलदायी ठरेल.