क्ष-किरणांच्या खोलीतील परिभाषा

डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी घेऊन आपण क्ष-किरणांच्या खोलीशी जातो. चिठ्ठीवर 'चेस्ट पीए', 'नी एपी अँड लॅटरल' असे दोन-चार शब्द असतात. आत गेल्यावर तंत्रज्ञ आपल्याला कधी पाठमोरे उभे करतो, कधी उताणे निजवतो, कधी हाताचा पंजा उलटा करावयास सांगतो. रोग छातीत आणि यंत्र पाठीकडे, हा काय प्रकार आहे, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो. पण तो विचारण्याचा धीर होत नाही. या साध्या प्रश्नाचे उत्तर द्यावे आणि त्या निमित्ताने या खोलीतील नित्याच्या शब्दांची ओळख करून द्यावी, एवढाच आमचा हेतू आहे.

विल्हेल्म रोंटगेन यांना वुर्झबर्ग येथे ८ नोव्हेंबर १८९५ रोजी या अज्ञात किरणांचा शोध लागला, आणि त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. हाडे आणि बोटातील अंगठी त्यात स्पष्ट उमटली होती. हे चित्र म्हणजे वस्तुतः एक छाया होती, आणि आजचे क्ष-किरणचित्रही छायाच आहे. फिल्म जाऊन बहुतेक ठिकाणी तिच्या जागी अंकीय संवेदक पट्टी आली, तरी यात फरक पडलेला नाही.

आता छायेचे नियम आपणा सर्वांना ठाऊक आहेत. वीज गेली की कंदिलापुढे हात धरून भिंतीवर हरिण नाचविण्याचा खेळ कोणी केला नाही? हात भिंतीजवळ असला की सावली हाताएवढी आणि रेखीव पडते. कंदिलाकडे सरकला की तीच मोठी आणि पुसट होते. हात आडवा धरला तर पाचही बोटांची मिळून एकच पट्टी दिसते. क्ष-किरणांच्या नळीला कंदील समजावे, पट्टीला भिंत समजावे आणि मध्ये रोग्याचे शरीर ठेवावे, म्हणजे या खोलीतील बहुतेक परिभाषा आपोआप उलगडते.

प्रथम किरणांच्या दिशेचे शब्द घेऊ. किरण शरीरात पुढून शिरून पाठीकडून बाहेर पडत असतील, तर त्या चित्राला 'एपी', म्हणजे अग्र-पश्च म्हणतात. पाठीकडून शिरून पुढून बाहेर पडत असतील, तर 'पीए', म्हणजे पश्च-अग्र. शब्दांचा क्रम हाच किरणांचा क्रम. हृदय छातीच्या पुढल्या अंगाला असते. म्हणून छातीचे चित्र शक्य तेव्हा पीए काढतात. छाती पट्टीला टेकवून उभे राहिले की हृदय पट्टीच्या जवळ येते.

यात किती फरक पडतो, याचा हिशेब करून पाहू. अंतरे सोयीसाठी ठोकळ धरली आहेत. हृदयाची रुंदी १२ सेंटिमीटर आहे, नळी पट्टीपासून १८० सेंटिमीटरवर आहे आणि हृदय पट्टीपासून ५ सेंटिमीटर दूर आहे, असे समजा. छाया सुमारे १२.३ सेंटिमीटरची पडेल. आता तोच रोगी खाटेवर उताणा आहे, पट्टी पाठीखाली आहे, नळी १०० सेंटिमीटरवर आहे आणि हृदय पट्टीपासून १५ सेंटिमीटर वर आहे. या वेळी छाया १४ सेंटिमीटरच्या वर जाते. हृदय तेच, वाढली ती सावली. शिवाय निजलेल्या माणसाला पुरता श्वास भरता येत नाही, त्यामुळेही हृदय रुंद दिसते. म्हणून खाटेवर काढलेल्या चित्रावर 'एपी' असे लिहिलेले असते. ती दोन अक्षरे न वाचता जुने आणि नवे चित्र शेजारी धरणारा नातेवाईक 'हृदय वाढले' म्हणून विनाकारण घाबरतो.

दुसरा गट शरीराच्या ठेवणीचा. उभे वा ताठ बसलेल्या स्थितीला 'इरेक्ट', उताण्याला 'सुपाइन', पालथ्याला 'प्रोन' म्हणतात. 'डेक्युबिटस' या शब्दाचा मूळ अर्थ निजलेली स्थिती. या खोलीत मात्र रोगी निजलेला आणि किरण जमिनीला समांतर, असा त्याचा अर्थ ठरलेला आहे. हा बारकावा कशासाठी? बाटलीत अर्धे पाणी भरून ती कशीही धरा. पाणी खाली जाते, हवा वर येते आणि मधली रेषा आडवीच राहते. ती रेषा बघावयाची तर बाजूनेच बघावी लागते. जठराला किंवा आतड्याला भोक पडले, तर बाहेर आलेली हवा उभ्या रोग्यात श्वासपटलाखाली जमते आणि काळ्या चंद्रकोरीसारखी दिसते. उताण्या स्थितीत वरून घेतलेल्या चित्रात ती सहज निसटू शकते. रोग्याला उभे राहवत नसेल, तर त्याला डाव्या कुशीवर काही मिनिटे निजवून आडव्या किरणांनी चित्र घेतात. हवा यकृतावर येऊन उघडी पडते. शस्त्रक्रिया तातडीने करावयाची की नाही, हे ठरविताना ही चंद्रकोर फार मोलाची ठरते. त्या घटकेला कुशीवर वळणे रोग्याला असह्य वाटते, हे खरे. पण ती आज्ञा उगीच दिलेली नसते.

तिसरा गट बाजूंचा. अगदी बाजूने घेतलेले चित्र 'लॅटरल', तिरपे घेतलेले 'ऑब्लिक'. लॅटरल चित्राला पट्टीजवळच्या बाजूचे नाव देतात. डावी कूस पट्टीला लागली की ते 'लेफ्ट लॅटरल'. हृदयाचा अधिक भाग डावीकडे असल्याने छातीसाठी बहुधा हेच घेतात. डेक्युबिटसमध्ये जी बाजू खाली, तिचे नाव. हाड मोडल्याची शंका असता एकमेकांशी काटकोनात निदान दोन चित्रे का, तेही येथेच कळते. तडकलेली काठी समोरून अखंड दिसते आणि बाजूने पाहिली की वाकलेली दिसते. दुसरे चित्र म्हणजे पैसे काढण्याची युक्ती, असे कोणी म्हणेल. परंतु एकाच चित्रावर विसंबून मोडलेले हाड धड ठरविणे रोग्याला फार महाग पडते.

हातापायांसाठी वळणाचे शब्द आहेत. सांधा मिटणे म्हणजे 'फ्लेक्शन', सरळ करणे 'एक्स्टेन्शन'. अवयव अंगापासून दूर नेणे 'अॅब्डक्शन', अंगाशी आणणे 'अॅडक्शन'. तळहात आकाशाकडे केला की 'सुपिनेशन', जमिनीकडे केला की 'प्रोनेशन'. मेजावर हात ठेवून तळहात खाली वळवून पाहा. कोपरापुढच्या दोन हाडांपैकी अंगठ्याकडचे हाड दुसऱ्यावरून तिरपे जाते. दोन्ही सुटी दिसावीत म्हणून या भागाचे एपी चित्र काढताना तळहात वर ठेवावयास सांगतात.

आता उजवे-डावे. या सर्व शब्दांत उजवे म्हणजे रोग्याचे उजवे. छातीचे चित्र प्रकाशपटलावर लावतात तेव्हा जणू रोगीच आपल्यासमोर तोंड करून उभा असतो. त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. यासाठी पट्टीच्या कडेला 'आर' किंवा 'एल' हे शिशाचे अक्षर ठेवतात. शिसे किरण अडविते, म्हणून ते पांढरे उमटते. काही थोड्या माणसांचे हृदय जन्मतःच उजवीकडे असते. तेव्हा 'हृदय जिकडे ती डावी बाजू' हा अंदाज फसतो. उलट्या बाजूचे अक्षर पडले, तर निरोगी अंगावर इलाज होण्याची भीती. एवढ्याशा अक्षरावर एवढा भार आहे.

तेव्हा रोग्याने काय करावे? सांगितलेली ठेवण दुखत असेल तर तसे स्पष्ट सांगावे, पण मधेच हलू नये. हलले की छाया पुसट होते, चित्र पुन्हा घ्यावे लागते आणि किरणांचा मारा पुन्हा सोसावा लागतो. श्वास धरावयास सांगितला की धरावा. गरोदरपणाची शक्यता असल्यास न विचारताच सांगावे. दुखणारी बाजू तोंडाने सांगून बोटानेही दाखवावी. जुनी चित्रे जपून ठेवावी आणि बरोबर न्यावी. आणि आपल्याला पाठमोरे का उभे केले, हे समजले नाही, तर खुशाल विचारावे. ज्याला आपले काम येते, त्याला या प्रश्नाचे उत्तर द्यावयास अर्धे मिनिटही लागत नाही.