श्रोतेहो, निकालाआधी ऐकून घ्या!

दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, ही वकिलीतील पहिली शिकवण. कोर्टात ती पाळावीच लागते. मात्र कोर्टाबाहेर पाऊल टाकले की आपण सारेच न्यायाधीश होतो आणि समोरच्याला बोलू न देताच शिक्षा ठोठावून मोकळे होतो! माणसांच्या बाबतीत आपण हे करतो, पुस्तकांच्या बाबतीत करतो आणि गाण्यांच्या बाबतीत तर हमखास करतो.

हे लिहायला निमित्त झाले ते माझ्या भाच्याचे. तो राज्य शासनाच्या परदेश शिष्यवृत्तीवर स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात शिकतो आहे. मध्यंतरी त्याचा फोन आला तो तावातावानेच. बरोबर राहणाऱ्या मुलांशी त्याचे भांडण जुंपले होते, आणि तेही एका बँडच्या गाण्यांवरून! "मामा, तुम्ही वकील आहात. तुम्हीच सांगा, कोणाचे बरोबर?" मी म्हटले, "आधी गाणी पाठव. ऐकतो, मग बोलू." आम्ही वामनदादा कर्डकांची गाणी ऐकत वाढलेली माणसे. इंग्रजी गाण्यांशी आमचा संबंध बेताचाच. तरीही त्याने पाठवलेली गाणी दोन-तीनदा ऐकली, त्या बँडचा इतिहास वाचला, आणि लक्षात आले की हा वाद नुसता गाण्यांचा नाही.

बँडचे नाव बेल अँड सेबॅस्टियन. सेसिल ओब्री या फ्रेंच लेखिकेच्या, एक मुलगा आणि त्याचा कुत्रा यांच्या गोष्टीवरून हे नाव घेतलेले. त्यांच्या संगीताला 'इंडी पॉप' म्हणतात. इंडी म्हणजे इंडिपेंडंट, अर्थात बड्या कंपन्यांच्या गोतावळ्याबाहेर राहून स्वतंत्रपणे केलेले. या बँडची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. स्टुअर्ट मर्डॉक हा तरुण एम. ई. नावाच्या, अंगातील सारी शक्ती शोषून घेणाऱ्या आजाराने सुमारे सात वर्षे जायबंदी झाला होता. नोकरी नाही, शिक्षण नाही. त्या एकांतात तो गाणी रचू लागला. ग्लासगोत बेरोजगार संगीतकारांसाठी एक प्रशिक्षण योजना चालत असे. तेथे त्याला स्टुअर्ट डेव्हिड हा साथीदार भेटला आणि १९९६ साली बँड उभा राहिला. पहिला अल्बम 'टायगरमिल्क' निघाला तो स्टो कॉलेजच्या संगीत व्यवसाय अभ्यासक्रमातील विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून. तबकड्या काढल्या फक्त एक हजार! बँडला नाव मिळाल्यावरही मर्डॉक बरीच वर्षे एका चर्चच्या सभागृहाची देखभाल करीत तेथेच राहत होता. म्हणजे हे काही राजवाड्यातून आलेले संगीत नव्हे. आजारी, बेकार आणि लाजऱ्या पोरांनी आपले दुःख हळू आवाजात सांगितले, आणि जगभरच्या तशाच पोरांनी ते कान देऊन ऐकले.

आता वादाचा मुद्दा. या बँडने मे २०२२ मध्ये 'अ बिट ऑफ प्रीव्हियस' हा अल्बम काढला आणि आठच महिन्यांनी, १३ जानेवारी २०२३ रोजी, 'लेट डेव्हलपर्स' हा दुसरा. घोषणा झाली ती अवघे काही दिवस आधी. दोन्ही अल्बमांचे ध्वनिमुद्रण एकाच काळातले. २०२० मध्ये ही मंडळी लॉस एंजेलिसला जाऊन काम करणार होती. करोनाने वाट अडवली. तेव्हा त्यांनी ग्लासगोतील आपल्या तालमीच्या जागेचाच स्टुडिओ केला आणि तेथे गाण्यांचा ढीग तयार झाला. 'लेट डेव्हलपर्स'मध्ये त्यातली ११ गाणी आहेत.

या अल्बमवरून श्रोत्यांत सरळ दोन तट पडले. वाद पेटला तो मुख्यतः एका गाण्यावर, 'आय डोन्ट नो व्हॉट यू सी इन मी'. बँडने बाहेरच्या माणसाला सोबत घेऊन गाणे लिहिण्याची ही पहिलीच वेळ. सहलेखक पीट फर्ग्युसन हा ग्लासगोचाच तरुण संगीतकार, 'वू ओह' या नावाने काम करणारा. गाणे चकचकीत, यंत्रांच्या ठेक्यावर नाचायला लावणारे. जुन्या श्रोत्यांनी कपाळावर हात मारून घेतला. हे आमचे नव्हेत, हे बाजारात उतरले, असा सूर निघाला. दुसरा तट म्हणाला की पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने इतके मोकळे, आनंदी गाणे म्हणावे यात वाईट काय? आमचा भाचा कोणत्या तटात होता? पहिल्या! "मामा, १९९६ ची गाणी ऐका आणि हे ऐका. हे लोक विकले गेले," असा त्याचा दावा.

फिर्याद तपासायची तर आरोप एकेक करून घेतले पाहिजेत.

पहिला आरोप, हा अल्बम म्हणजे आधीच्याची उरलीसुरली गाणी. दोन अल्बमांची गाणी एकाच काळात तयार झाली हे खरे. पण एकाच हंगामात दोन पोती धान्य निघाले तर दुसरे पोते शिळे ठरते काय? गाणे कधी मुद्रित झाले हा पुरावा नव्हे. गाणे कसे आहे हा पुरावा. या अल्बममधील 'व्हेन द सिनिक्स स्टेअर बॅक फ्रॉम द वॉल' हे गाणे तर १९९४ चे, म्हणजे बँड जन्मण्याआधीचे! ते तेव्हा बाजूला राहिले होते. आता कॅमेरा ऑब्स्क्युरा या ग्लासगोच्याच बँडची ट्रेसीॲन कॅम्पबेल हिच्या आवाजाची साथ घेऊन ते उभे केले. गंमत पाहा, ज्यांना जुनेच हवे होते त्यांना हे गाणे फार आवडले. म्हणजे तीस वर्षे मागे राहिलेले गाणे चालते, पण दोन वर्षांपूर्वीचे गाणे 'उरलेसुरले'! हा आरोप टिकत नाही.

दुसरा आरोप चकचकीतपणाचा. यात मात्र तथ्य आहे. ते गाणे मीही ऐकले. त्यातील यंत्रांचा ठेका इतका पुढे आहे की शब्द मागे पडतात, आणि या बँडची खरी ताकद शब्दांत आहे. त्यामुळे गाणे आवडले नाही असे कोणी म्हणाले तर तो त्याचा हक्क आहे. पण 'आवडले नाही' आणि 'विकले गेले' ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले मत आहे, दुसरा आरोप आहे. आरोपाला पुरावा लागतो. नाचायला लावणारे गाणे केले हा बाजारूपणाचा पुरावा होत नाही. आणि ही तक्रार नवीही नाही. २००३ मध्ये ट्रेव्हर हॉर्न या बड्या निर्मात्याकडे 'डिअर कॅटॅस्ट्रॉफी वेट्रेस' सोपवला तेव्हा जुन्या चाहत्यांच्या मनात हीच धास्ती होती. २०१५ च्या 'गर्ल्स इन पीसटाइम वाँट टू डान्स'मध्ये नाचाचा ठेका आला तेव्हाही हीच कुरबुर होती. पण त्याच अल्बमच्या पहिल्या गाण्यात मर्डॉकने आपल्या आजारपणाची कहाणी कधी नव्हे इतक्या उघडपणे मांडली होती. ठेका बदलला म्हणून सच्चेपणा गेला असे होत नाही.

तिसरा आरोप सर्वात जुना, 'पहिल्यासारखे राहिले नाहीत'. खरा प्रश्न येथेच आहे. पहिल्यासारखे म्हणजे कसे? आजारी? बेकार? दुबळ्या आवाजात गाणारे? भाच्याला मी फोनवर एवढेच विचारले, "बारावीच्या वेळी तू दोन वर्षे अंथरुणावर होतास. गावात अजून काही लोक तुला नापास म्हणूनच ओळखतात. उद्या कोणी म्हणाले की पोरगा अंथरुणावर होता तेव्हाच चांगला होता, साधा होता, आता परदेशात जाऊन बिघडला, तर?" पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "मामा, हे बरोबर नाही. गाण्याचा वाद तुम्ही माझ्यावर आणला." मी म्हटले, "बाळा, गाण्यातूनच तो आला आहे. अल्बमचे नाव वाच."

लेट डेव्हलपर्स म्हणजे उशिरा उमललेले. शाळेत मागे पडलेल्या आणि नंतर पुढे आलेल्या मुलांना इंग्रजीत असे म्हणतात. वाचकहो, असे लोक आपल्या घराघरांत आहेत. रात्रशाळेत शिकून पस्तिशीत मॅट्रिक झालेले बाप आहेत, नातवंडांच्या पाटीवर अक्षरे गिरवलेल्या आया आहेत. जग त्यांच्याविषयीचा पहिला निकाल कधी बदलत नाही. गरीब होता तेव्हा गुणी होता, चांगले कपडे घातले की 'डोक्यात हवा गेली'! दुसऱ्याचे दुःख आपल्याला भावते, पण त्याचे सुख आपल्याला खुपते. कलावंताच्या बाबतीत श्रोते नेमके हेच करतात तेव्हा त्याला रसिकता कसे म्हणावे?

याचा अर्थ श्रोत्याने गप्प बसावे असा मुळीच नाही. श्रोत्याच्या मताला किंमत आहेच आणि ती नाकारणारे प्रस्थापित तिकडेही आहेत. १९९९ साली याच बँडला ब्रिट पुरस्कारांत उत्तम नवोदिताचा मान मिळाला. निवड श्रोत्यांच्या मतांवर होती. स्टेप्स हा तेव्हाचा खपाचा पॉप गट स्पर्धेत होता. फारशी जाहिरात नसलेला बँड जिंकला हे त्या बाजूच्या लोकांना पचले नाही. विद्यापीठातील पोरांनी कॉलेजच्या संगणकांवरून मते टाकली, असा गलका झाला. टाकली असतील! विद्यार्थी हे श्रोते नव्हेत काय? पुरस्कार बँडकडेच राहिला. सामान्य माणसाने मनापासून मत दिले आणि निकाल मनाजोगा लागला नाही की प्रस्थापितांना आधी मतदारावरच संशय येतो, ही रीत सगळीकडे सारखीच दिसते.

तेव्हा मताचा अधिकार पूर्ण मान्य. प्रश्न मत कसे बनते याचा आहे. भक्त झालेला श्रोता मत देत नाही, तो कौल लावतो. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात राजकारणातील भक्तीचा धोका सांगितला. कलेतील भक्तीही निरुपद्रवी नसते. ती आधी आरती करते आणि मूर्ती जरा हलली की दगड मारते. या अल्बमच्या पहिल्या गाण्याचे नाव आहे 'ज्युलिएट नेकेड'. निक हॉर्नबी यांच्या २००९ च्या कादंबरीचे हे नाव. त्या कादंबरीत एका गायकाचा असाच भक्त आहे. गायकाची कच्ची गाणी बाहेर येताच तो त्यांची तोंडभरून स्तुती करतो. त्याच्या सोबत राहणारी ॲनी मात्र आपल्याला ती का आवडली नाहीत हे स्पष्ट लिहिते. आणि खुद्द गायक पत्र पाठवतो ते ॲनीला, तुमचे बरोबर आहे म्हणून! कलावंताला भक्त नको असतो, प्रामाणिक ऐकणारा हवा असतो. या बँडने तर आपल्या चाहत्यांनाच बोलावून त्यांची छायाचित्रे २०१७-१८ च्या तीन छोटेखानी अल्बमांच्या मुखपृष्ठांवर छापली होती. त्या मालिकेचे नाव, 'आपले मानवी प्रश्न कसे सोडवावेत' अशा अर्थाचे, गेशे केलसांग ग्यात्सो या भिक्खूंच्या चार आर्यसत्यांवरील पुस्तकावरून घेतलेले आहे. मर्डॉक स्वतः चर्चला जाणारा आणि बौद्ध ध्यानसाधनाही करणारा माणूस आहे.

भगवान बुद्धांनी केसपुत्त येथे कालामांना सांगितले की ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा सांगणारा मोठा आहे एवढ्यावरून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. 'पहिले अल्बमच चांगले' हीसुद्धा एक परंपराच आहे! आणि अतिश्रमाने थकलेल्या सोण भिक्खूला त्यांनी वीणेचा दाखला दिला होता. तार फार ताणली तर सूर लागत नाही, सैल सोडली तरी लागत नाही. ऐकणाऱ्याच्या मनालाही हेच लागू आहे. आंधळी स्तुती ही सैल तार आणि जुन्याचा हट्ट ही ताणलेली तार.

माझा निकाल विचाराल तर अल्बम निर्दोष नाही. ते चकचकीत गाणे मला अजूनही रुचलेले नाही, १९९४ चे जुने गाणे मात्र मनात राहिले. पण 'विकले गेले' हा आरोप पुराव्याअभावी फेटाळण्यात येत आहे!

गेल्या रविवारी भाच्याचा पुन्हा फोन आला. म्हणाला, "मामा, अल्बम पुन्हा पहिल्यापासून ऐकला. ते गाणे अजूनही नाही आवडले." मी म्हटले, "काही हरकत नाही. आता ते तुझे मत आहे."