भंगारात देण्याआधी…

“वहिनी, जुनी यामाहा आहे का हो घरात?” असं विचारत अनोळखी पोरं दारात येतात, हे आता छोट्या गावांतही नवीन राहिलेलं नाही. आमच्या सोलापूरच्या घरात तर दोन-दोन आहेत. सासऱ्यांची राजदूत ३५० आणि ह्यांची आरएक्स १००. सासरे गेले. जागा कमी, तेव्हा एक काढायची ठरलं. पण कोणती?

दोघी मूळच्या जपानच्या यामाहाच्या, इथं बनवल्या एस्कॉर्ट्स कंपनीनं. राजदूत ३५० आली १९८३ साली. दोन सिलिंडर, ३४७ सीसी, सहा गिअर. सुरुवातीच्या ‘हाय टॉर्क’ गाडीची ताकद साडेतीस अश्वशक्ती होती, पुढं ‘लो टॉर्क’ आली ती सत्तावीसची. त्या काळात एवढा जोर आणि पेट्रोलचा एवढा खर्च परवडणार कुणाला? १९९० च्या सुमारास ती बंद पडली. म्हणूनच आज दुर्मीळ आणि महाग. पण दोन कार्बोरेटर, दोन सायलेन्सर, म्हणजे दुरुस्तीचा खर्चही तसाच. जाणता मिस्त्री शोधत फिरावं लागतं.

आरएक्स १०० आली १९८५ साली. एकच सिलिंडर, ९८ सीसी, अकरा अश्वशक्ती. पण वजन जेमतेम शंभर किलोच्या घरात, म्हणून सुसाट पळायची. कितीतरी संसार हिच्या मागच्या सीटवर बसून तुळजापूर, अक्कलकोटला जाऊन आले. धुराचे नियम कडक झाले आणि १९९६ मध्ये ही पण थांबली. गाड्या पुष्कळ खपल्यामुळं सुटे भाग तुलनेनं सहज मिळतात. रोज वापरायची हौस असेल तर हीच बरी; संग्रहात मिरवायची असेल तर राजदूत.

किंमत ठरते ती गाडी किती मूळ रूपात आहे त्यावर. मूळ टाकी, मूळ सायलेन्सर, एवढंच काय, आपण साडी सावरून बसायचो तिथली ती जाळीसुद्धा! पोरांनी ‘मॉडिफाय’च्या नादात ती काढून टाकलेली असते. माळ्यावर, कोठीत एकदा बघा बाई. गाडी धुऊन रंगवायची घाई मात्र नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचे कागद. आरसी बुकातला इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळायला हवा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण लागतं, पुढं दर पाच वर्षांनी. २०२१ च्या नियमानं ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते ती पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीला; या दोघींपैकी एकीचंही अजून तेवढं वय झालेलं नाही. कुणी ‘व्हिंटेज आहे’ म्हणून भाव सांगितला, तर हे लक्षात असू द्या.

मालक वारले असतील, तर आरटीओत फॉर्म ३१ भरून वारसाचं नाव लावून घ्यायचं. तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा, असा नियम आहे. विकतानाही फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी घेणाऱ्याच्या नावावर करून द्या. नुसत्या विश्वासावर किल्ली देऊ नका. उद्या त्या गाडीनं अपघात झाला, तर पोलीस येतील आरसीवरच्या नावाच्या घरी.

आमच्याकडं गिऱ्हाईक राजदूतच मागत होतं. सगळे भावाची बोलणी करत बसलेले. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “विकायची का ठेवायची ते मागनं बघू. आदी तिच्यावर माझं नाव लावा.”