चौदा सेंटांचा गंधार

गेल्या महिन्यात माझा जुना लॅपटॉप निवर्तला. नवा आणला, वीस वर्षांच्या सोबतीचा सॉफ्टवेअर सिंथ त्यावर चढवायला गेलो, तर यंत्राने दारच उघडलं नाही. ३२ बिटवाल्या सॉफ्टवेअरला मॅकवर २०१९ पासून मज्जाव आहे. मी जुन्याला धरून बसलो होतो, म्हणून मला तो आत्ता झोंबला.

यंत्राकडून सूर काढायचा हा नाद माझा एकट्याचा नाही. लंडनमध्ये स्वर जुळवण्याच्या उद्योगात सांगलीचा हात फार जुना. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं. ते आणि क्लेमंट्स नावाचे आयसीएस साहेब यांच्या गणितावरून लंडनच्या मूर यांनी श्रुती-हार्मोनियम बनवली. १९१६ च्या बडोद्याच्या परिषदेत जमलेल्या गवयांना ती पटली नाही. पुढे १९६९ मध्ये लंडनमधल्याच पटनीच्या देवदार रोडवाल्या पीटर झिनोव्हिएफ यांच्या ईएमएस कंपनीने व्हीसीएस-३ हा सिंथ काढला. तीन ऑसिलेटर, आणि वायरींऐवजी १६ गुणिले १६ भोकांची पाटी. खुंटी खोचाल तिकडे आवाज वळे. खोली तापली की सूरही हले. ऐंशी-नव्वदच्या दशकांबद्दल मला सांगण्यासारखं काही नाही. तयार ठेक्यांच्या कॅसेटी होत्या, आणि मी त्या वाजवल्या, एवढंच.

माझं दशक २००० ते २०१०. २००० मध्ये स्वीडनहून ‘रीझन’ हे संगीताचं सॉफ्टवेअर आलं. टॅबची कळ दाबली की पडद्यावरची मांडणी पाठ फिरवायची आणि मागच्या वायरी चक्क झुलायच्या. हॅरोतल्या भाड्याच्या खोलीत शनिवारच्या रात्री मी त्या वायरी उपसत बसे. एलएफओ, म्हणजे संथ झुलणारा ऑसिलेटर, पिचला जोडला तर स्वर थरथरतो, फिल्टरला जोडला तर आवाज उघडमीट करतो, हे कुणी शिकवलं नाही. चुकीच्या ठिकाणी वायर लावूनच कळलं.

गंधाराचं दुखणं मात्र एका गणेशोत्सवात कळलं. भूपातलं भजन संपल्यावर गाणाऱ्या मावशी हळूच म्हणाल्या, “अरे, तुझा गंधार बोचतो रे.” सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग. कीबोर्डवरचा गंधार षड्जापासून ४०० सेंटांवर असतो, तंबोऱ्याच्या खर्जातून उमटणारा ३८६ वर. बोचत होते ते चौदा सेंट. माझ्या त्या सिंथमध्ये बाराही स्वरांना सेंटांचा वेगवेगळा रकाना होता. मी आकडे भरले, आणि पहिल्यांदाच तंबोरा आणि यंत्र यांचं भांडण मिटलं.

पुढच्या वर्षी फजिती झाली. मावशींना काळी पाच हवी होती. मी वाजवणार पांढरी एकवरून, म्हणून ट्रान्स्पोज दोन खाली केलं. पण ते रकान्यांच्या आधी बसलं होतं. गंधाराला रिषभाचा आकडा गेला, धैवताला पंचमाचा. घरी येऊन ट्रान्स्पोज रकान्यांच्या नंतर नेलं, तेव्हा सगळं जागेवर आलं. आधी काय आणि नंतर काय, एवढंच तर राउटिंग असतं.

त्या दिवसांत एका बुवांनी मला सुनावलं होतं की संगणकाला कान नसतात. मान्य. कान मावशींचे होते, थोडे माझे. यंत्राने फक्त त्यांचं ऐकून घ्यायला जागा ठेवली होती. बुवांच्या पेटीत तीही नव्हती.

आज साधनांची वाण नाही. २०२० मध्ये मिडी २.० आलं, बावीस श्रुती एका क्लिकवर मिळतात. पण दरमहा भाडं भरा, नाहीतर सूर बंद. परवा शेजारचा मुलगा म्हणाला, “काका, भैरवचा प्रीसेट आहे ना, कशाला डोकं शिणवता?” मी विचारलं, त्यातला रिषभ किती उतरलेला आहे? त्याने स्क्रीनकडे पाहिलं. मला वाईट वाटलं ते एवढ्याचं. उत्तर माहीत नसणं ठीक आहे, ते कानाला विचारायचं त्याला सुचलंच नाही.

सिंथ गेला, आकडे वहीत आहेत. भूपासाठी: रिषभ चार सेंट वर, गंधार चौदा खाली, पंचम दोन वर, धैवत सोळा खाली. तंबोरा लावून ताडून बघा. पटले नाहीत तर बदला.